दोन भाकरींचा वेळ

आई, आपल्या घरात पुन्हा कुत्रं आलंय, आणि त्यालाही फेफरं येतं. तुझ्या नातवाने ते पुण्याहून आणलं, मला न विचारता. परवा तो जनावरांच्या डॉक्टरांकडून घरी ठेवायचं औषध घेऊन आला. बोटाएवढी नळी, तिला पिवळं टोपण. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर ती मागच्या बाजूने द्यायची, सुई टोचायला नको, दवाखान्यात धावायला नको. मी जन्मात पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तो मला हे सगळं समजावून सांगत होता. मी ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, “याला वास कसा असतो?” तो हसला आणि म्हणाला, “आई, याला वासच नसतो.” मी उठून आत गेले. म्हातारी घाबरली, असं तो नंतर फोनवर बायकोला सांगत होता.

आज दुपारी झटका आला. मुलगा कुत्र्याशेजारी बसून मोबाईलवर सेकंद मोजत होता आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. थोड्या वेळाने तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागला तेव्हा माझं माझ्या हातांकडे लक्ष गेलं. ते एकमेकांवर आपटत होते, सावकाश, थोडे फिरत. मी भाकरी थापत होते. पीठ नव्हतं, परात नव्हती, चूल तर या घरात कधीच नव्हती. दुसरी भाकरी पुरी व्हायच्या आत कुत्रं सैल पडलं आणि ती नळी उघडावी लागली नाही. मुलाने ती परत कपाटात ठेवली. त्याने तुझे हात असेच वाजताना पाहिले होते, पण तेव्हा तो शाळकरी होता, विसरला असेल.

दौंडचं ते रेल्वेचं क्वार्टर मला अजून डोळे मिटून चालता येतं. पुढे ओटा, मग खोली, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या कोपऱ्यात पाण्याचे दोन हंडे. पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. आबा गार्ड होते, आठवड्यातले चार दिवस गाडीवरच. माझं डी.एड. झालेलं, नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत मी घरी बसलेली, आणि तू मला बसू देत नव्हतीस. पलीकडच्या बंगल्यातले अँग्लो-इंडियन इंजिन-ड्रायव्हरसाहेब नोकरी संपवून परदेशी निघून गेले आणि त्यांच्या मॅडमनी जाताना आपला तांबडा कुत्रा तुझ्या हवाली केला. तिला मराठी धड येत नव्हती आणि तुला इंग्रजी अजिबात नाही. ती रडत होती, तू मान हलवत होतीस. त्याचं इंग्रजी नाव तू एकदाही घेतलं नाहीस. “आरं लेका” म्हणायचीस आणि तो यायचा. त्याला झटके येतात हे मॅडमनी सांगितलं असेलही, पण ते आपल्याला कळलं नाही. महिन्याभरात कळलं.

तुला वास येत नव्हता. हे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माझ्या जन्माआधी तुला विषमज्वर झाला होता, त्यात तुझं नाक गेलं. दूध करपलं तरी तुला कळायचं नाही, आणि आबा दारातून ओरडायचे तेव्हा तू उलट त्यांनाच म्हणायचीस, “तुमास्नी नाक हाय तर तुमीच बसा की चुलीम्होरं.” मी कळती झाल्यापासून तुझं नाक मीच होते. लोणचं, तूप, शिळी आमटी, काहीही माझ्या नाकाखाली धरून तू विचारायचीस, “वास बघ गं, नीट हाय का?” मी सांगेन ते खरं. उरलेल्या सगळ्या जगाच्या बोलण्यावर तू शंका घ्यायचीस, माझ्या नाकावर कधीच नाही.

पहिला झटका दुपारी आला आणि पुढचे सगळेही दुपारीच. दौंडसारख्या जंक्शनातही दुपारी एक वेळ अशी येते की कुठलीच गाडी नसते, डबे हलवणारं शंटिंगचं इंजिनसुद्धा गप्प असतं, आणि कान उगीच कशाची तरी वाट बघत बसतात. त्या वेळी तो उठायचा, हंड्यांच्या कोपऱ्याकडे जायचा आणि भिंतीसमोर बसून वर बघायचा. गुरगुरायचा नाही, अंगावरचे केस उभे राहायचे नाहीत. ओळखीचं माणूस दारात आल्यावर हलवतो तशी तो शेपूट हलवायचा. ओढीच्या नजरेने, अगदी लाडात. मग एक-दोन मिनिटांत तो आडवा व्हायचा, पाय ताणले जायचे, तोंडाला फेस यायचा. मी तुला म्हणाले, आई, त्याला तिथे काहीतरी दिसतं. तू म्हणालीस, दिसत असंल. पुढच्या वेळी तो कोपऱ्यात जाऊन शेपूट हलवायला लागला तेव्हा तू हातातलं काम ठेवलंस आणि डोक्यावरून पदर घेतलास, सासऱ्यांसमोर घ्यायचीस तसा. माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, “तुला दिसतंय का कुणी?” तू म्हणालीस, “मला न्हाई दिसत. पर त्याला दिसतंय, तवा पदर घ्यायला आपलं काय जातंय?”

शेजारचे मामा, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, पहिल्याच झटक्याला काठी घेऊन आले होते. त्यांचा नातू ओट्यावर खेळायचा, त्यांची भीती खोटी नव्हती. फेस म्हणजे पिसाळलेलं, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचं काय करायचं हे क्वार्टरांच्या लाइनीत सगळ्यांना ठाऊक होतं. तू दारात आडवी उभी राहिलीस. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, तू ते सगळं करू दिलंस, फक्त काठी आत येऊ दिली नाहीस. दुसऱ्या दिवशी आपण त्याला टांग्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते. हे पिसाळणं नाही, माणसांना येतं तसं फेफरं आहे, म्हणाले. रोज भाकरीच्या तुकड्यात घालायची गोळी दिली, आणि झटका लांबला तर द्यायला एक गडद काचेची बाटली. ते औषध माणसांच्या मोठ्या दवाखान्यातलं होतं. तेवढंच शेंगदाण्याचं तेल त्यात मिसळायचं, काचेच्या सिरिंजमध्ये भरायचं आणि रबरी नळीने मागून सोडायचं. प्लॅस्टिकला लावायचं नाही, प्लॅस्टिक विरघळतं. आणि दोन गोष्टी त्यांनी माझ्याकडे बघून सांगितल्या, कारण मी शिकलेली होते. बाटलीला उजेड आणि ऊन लागू द्यायचं नाही. आणि आंबट वास यायला लागला की ती फेकायची, नवी न्यायची, कारण ते मग आतडं जाळतं.

पाच मिनिटं थांबायचं, मग द्यायचं, असं ते म्हणाले तेव्हा तू विचारलंस, “पाच मिंटं म्हंजी किती?” डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. तू मान हलवलीस आणि घरी येऊन मला सांगितलंस की आबांचं घड्याळ आबांबरोबर फिरतं, त्याचा उपयोग नाही. तू भाकरी परातीत थापायची नाहीस, हातावर करायचीस. एक थापून, तव्यावर टाकून, उलटून, फुगवून काढायची, मग दुसरी. दोन भाकरी म्हणजे पाच मिनिटं. मी शेजारच्यांचं घड्याळ आणून पडताळून पाहिलं आणि ते जवळजवळ बरोबर निघालं. मग झटका आला की तू त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसायचीस आणि रिकाम्या हातांनी भाकरी थापायला लागायचीस. खोलीत दुसरा आवाज नसायचा. त्याची नखं फरशीवर खरखरायची आणि तुझे तळवे वाजायचे, टप, टप, मध्ये थांबून तू नसलेल्या तव्यावर नसलेली भाकरी उलटायचीस. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, या बाईला काय झालंय. दुसरी भाकरी उतरली की हात माझ्याकडे पसरायचीस, “आण.” मी संक्रांतीच्या वाणाच्या स्टीलच्या डब्यातून सिरिंज आणि हंड्यामागच्या काळ्या पिशवीतून बाटली काढायचे, ती तुझ्या आधी माझ्या नाकाशी धरायचे, नीट आहे म्हणायचे, मगच तू भरायचीस.

त्या औषधाचा वास मला आजही येतो म्हटलं तर येतो. फार पिकलेल्या पेरूवर कुणी रॉकेल शिंपडावं तसा, गोड आणि उग्र, नाकातून थेट डोक्यात चढणारा. नंतर दोन दिवस त्याच्या श्वासाला तोच वास असायचा. तू त्याला मांडीवर घेऊन बसायचीस आणि मी खिडकी उघडायचे. त्या वर्षात तू चार वेळा त्याला ते दिलंस आणि चारही वेळा तो उठला. लाइनीतल्या बायका आधी नाक मुरडायच्या, “वैनी कुत्र्याचं काय काय करत्यात,” मग त्यांच्याच पोरांना जुलाब झाले, कुणाच्या डोळ्यात औषध घालायचं झालं की तुलाच हाक यायची. तुझा हात हलका, म्हणायच्या. तुला ते फार आवडायचं. दाखवायची नाहीस, पण मला दिसायचं.

मग तो वैशाख. तू भाच्याच्या लग्नाला दोन दिवस मांडवगण फराट्याला गेलीस. एस.टी.त बसता बसता मला कामं सांगितलीस, त्यातलं शेवटचं, “कोपरा पार दमट झालाय, तिथलं समदं ऊन दाऊन ठिव.” आपल्याकडे टिकवायचं म्हणजे ऊन दाखवायचं. डाळी, मसाले, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, आबांचे कागदसुद्धा. मी सकाळीच अंगणात बाज टाकली आणि कोपरा रिकामा केला. त्या सामानात तू जुन्या छत्रीच्या कापडाची शिवलेली काळी पिशवी होती आणि पिशवीत बाटली. पिशवीला कुबट वास येत होता, ती धुऊन दोरीवर टाकली आणि बाटली लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. बूच सैल केलं, कारण बरण्यांची झाकणं आपण सैल करतो. दोन दिवस ती तिथेच होती. मी तिच्यावरून हात फिरवून धूळ पुसल्याचं मला आठवतं. डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यात कुठेच नव्हतं. डी.एड.ला पहिला वर्ग मिळवलेली मुलगी मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीत घालताना मला वास आला. पेरू नव्हता, रॉकेल नव्हतं. आंबट. लोणच्याच्या आंबलेल्या खारासारखा, नाकाला झोंबणारा. तेव्हा आठवलं. उद्या दवाखान्यात जाऊन नवी आणू, तुला सांगायची गरज नाही, असं ठरवलं. सकाळी पोस्टमन माझी न्हावऱ्याच्या शाळेची ऑर्डर घेऊन आला. तू आलीस, पेढे झाले, साड्या झाल्या, आणि ती बाटली हंड्यामागे तशीच राहिली. विसरले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पूर्ण विसरले नव्हते. उद्या, उद्या करत होते.

सहा दिवसांनी कुत्रा भर दुपारी कोपऱ्यात जाऊन बसला. त्या दिवशी दार उघडं होतं आणि ओट्यावर मामांचा नातू होता. झटका आला तो असा की फेसात रक्त दिसलं, जीभ चावली गेली होती. पोरगं किंचाळलं आणि मामा काठी घेऊन आले, त्यांच्या मागे आणखी दोघे. मामा म्हणाले, “वैनी, लई झालं. आज म्या न्हाई ऐकणार. माझं लेकरू हाय हितं.” तू त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. भाकरी थापत होतीस. मग म्हणालीस, “मामा, दुसरी भाकरी चाललीय. औशद दिल्यावर न्हाई थांबला तर तुमचं तुमी करा.” ते थांबले. काठ्या घेऊन तीन माणसं दारात उभी, आणि सगळ्यांच्या नजरा तुझ्या रिकाम्या तळव्यांवर. दुसरी भाकरी तू उलटलीस, उतरवलीस, हात पसरलास. मी बूच काढलं. तू विचारलंस, “वास बघ गं. नीट हाय का?”

मी नाकाशी धरली. आई, डोळ्यांत पाणी येईल इतकी ती आंबट होती. मी म्हणाले, “नीट आहे.”

आता मी त्याची कारणं सांगू शकते. नाही म्हटलं असतं तर दारातून काठ्या आत आल्या असत्या. दिलं तर कदाचित वाचेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं, असं मी म्हणू शकते, आणि त्यात थोडं खरंही आहे. पण नाही म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का? आणि मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. तेही डोक्यात होतं. दोन्हींपैकी कुठलं आधी आलं ते मला माहीत नाही.

औषधाने झटका थांबला, हे मामांनीही पाहिलं. ते काठी घेऊन परत गेले, जाताना नातवाला एक चापट मारून. संध्याकाळी कुत्र्याला रक्त पडायला लागलं. डॉक्टर गावोगाव लशी टोचायला गेले होते. दोन दिवस तू त्याला चमच्याने ताक पाजत होतीस आणि ते बाहेर येत होतं. तिसऱ्या दुपारी तो सरपटत हंड्यांच्या कोपऱ्यात गेला, वर पाहिलं, शेपूट दोनदा हलवली, आणि मी झटक्याची वाट बघत राहिले. झटका आला नाही, शेपूटही पुन्हा हलली नाही. तू पदर डोक्यावरून घेतलास.

“माझा हात चुकला,” तू म्हणालीस. “त्याल कमी पडलं. घाईत म्या त्याल कमी घेतलं.” मी समोर होते. तेल बरोबर होतं. मी काही बोलले नाही. त्यानंतर तू कुणालाही तुझ्या हाताने औषध दिलं नाहीस. लाइनीतल्या बायका यायच्या, तू म्हणायचीस, “माज्या हातनं नगं.” आबांच्या शेवटच्या आजारात गोळ्या तू ताटलीत ठेवून बाजूला सरायचीस, त्यांनी थरथरत्या हाताने उचलायच्या. माझ्या मुलाला लहानपणी ताप चढला आणि मी शाळेत होते, तर तू बाटली शेजारणीच्या हातात दिलीस आणि ओट्यावर जाऊन बसलीस. तुझ्या हातांचा केवढा अभिमान होता तुला. तो मी घेतला, आणि वीस वर्षं परत केला नाही.

शेवटच्या वर्षी तू माझ्याकडे शिरूरला होतीस. एका दुपारी मी वह्या तपासत होते आणि तू म्हणालीस, “कसला वास येतोय गं?” माझ्या हातातलं लाल पेन थांबलं. माझ्या उभ्या जन्मात तुला कशाचा वास आला नव्हता. मी हुंगून पाहिलं, घरात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळी. मी गॅस पाहिला, मोरी धुतली, फडताळ रिकामं केलं. डॉक्टर म्हणाले, वयाने मेंदूत असे खेळ होतात. मला ते पटवून घ्यायचं होतं. पण मग तुझे हात सुरू झाले. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून टप, टप, दोन भाकरी, मोजून. दुसरी उतरली की तू हात पसरायचीस, “आण.” माझ्याकडे आणण्यासारखं काही नव्हतं. मी तुझा हात हातात घ्यायचे, तो गरम असायचा, तव्याजवळून आत्ताच काढल्यासारखा.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात तू अगदी शुद्धीत होतीस. चहा पीत होतीस. कप खाली ठेवून मला विचारलंस, “त्या औशदाचा वास आंबट असतो व्हय गं?” पेरूसारखा, रॉकेलसारखा, असं मी तुला तेव्हा कितीदा सांगितलं असेल. आंबट हा शब्द मी कधीच काढला नव्हता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितला होता, पण तो तुझ्या कानावर पडला होता की नाही, पडला असेल तर इतकी वर्षं तू तो कुठे ठेवला होतास, हे मला आजही कळत नाही. तू माझ्याकडे बघत होतीस. रागाने नाही. लोणच्याची बरणी पुढे धरून बघायचीस तशी. मी म्हणाले, “हो आई, तसाच असतो.” तू मान हलवलीस आणि चहा संपवलास. माझ्या नाकावर तू शंका घेतली नाहीस, किंवा घेतली असलीस तरी मला दाखवली नाहीस.

हा कागद मी स्टीलच्या डब्यात ठेवणार आहे, त्या काचेच्या सिरिंजजवळ. तुझ्या नातवाला डबा उघडता येत नाही, झाकण घट्ट आहे, आणि मी ते सैल करून देणार नाही. एक सांगायचं राहिलं. आज दुपारी झटक्याच्या आधी ते कुत्रं माझ्या स्वयंपाकघरात आलं आणि पाण्याच्या फिल्टरखाली जाऊन बसलं. दौंडचा कुत्रा मान उंच करून बघायचा. याने फार वर पाहिलं नाही, तुझ्या उंचीच्या बाईकडे बघावं तेवढंच पाहिलं, आणि शेपूट हलवली. मी डोक्यावरून पदर घेतला. तू समोर असशील तर हेच बोलायचं असं इतकी वर्षं घोकत होते, आणि तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून लिहिते आहे. त्या औषधाचा वास आंबट नसतो, आई. त्या दिवशी होता, आणि तो मला आला होता.